मामांनी मोजलेली फांदी

ही पृथ्वी वाचवण्यासाठी माझ्या मामेसासऱ्यांनी जेवढी खटपट केली तेवढी आजवर दुसऱ्या कोणीही केली नसेल, आणि पृथ्वीने त्यांचं ऐकलं असतं तर ती केव्हाच बुडाली असती. सुदैवाने पृथ्वी मद्रासच्या नुंगंबाक्कम भागात फुकट वाटलं जाणारं ते साप्ताहिक वाचत नसे. आम्ही वाचत असू. दर शनिवारी सकाळी कोणीतरी ते दाराखालून आत सरकवलेलं असे. पहिल्या पानावर भाड्याने द्यायच्या घरांच्या जाहिराती, शेवटच्या पानावर लग्नाची जेवणं करून देणारे, आणि मधल्या पानावर, अप्पळम, म्हणजे पापड, आणि टायपिंगचे क्लास यांच्या बेचक्यात, आमचे मामा. सदराचं नाव ‘पृथ्वीची हाक’. पृथ्वी दर आठवड्याला हाक मारी आणि दर आठवड्याला काहीतरी निराळंच सांगे.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज कोण्या एका काळी तलवार किंवा पळी, यांपैकी काहीतरी हातात घेऊन दक्षिणेत उतरले. नेमकं काय, यावर घरात दोन तट होते. सोबत नेलेली मराठी त्यांनी लोणच्यासारखी बरणीत भरून ठेवली आणि पुढच्या पिढ्यांनी तिला वरून तमिळची फोडणी दिली. मी नाशिकचा, औषधांच्या कंपनीतर्फे मद्रासला आलेला, डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन बसणारा. लग्न ठरायच्या आधी मामांनी मला समोर बसवून अर्धा तास बोलतं ठेवलं आणि मग निकाल दिला, “मापिळ्ळै, तुमचं मराठी बरं आहे. पण फार नवं आहे.” मापिळ्ळै म्हणजे जावई. लग्नाला अजून तीन महिने होते, पण मामांना निष्कर्षावर लवकर पोचायची सवय होती.

ही सवय त्यांना भूमितीने लावली होती. तीस वर्षं त्यांनी एका शाळेत भूमिती शिकवली. ते निवृत्त झाले, भूमिती झाली नाही. जगातली कुठलीही गोष्ट तीन ओळींत सिद्ध करता येते आणि तिच्याखाली ‘क्यू. ई. डी.’, म्हणजे ‘हेच सिद्ध करायचं होतं’, लिहिलं की देवालाही ती पुसता येत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. सकाळी कॉफीचा पहिला घोट घेऊन म्हणत, “कॉफी पाणचट आहे. काल दूधवाला आपल्याकडे बघून हसला. क्यू. ई. डी.” यावर मामी आतून म्हणत, “पावडर संपली आहे, दोन दिवस सांगते आहे.” मामा हे ऐकत नसत. सिद्धता पूर्ण झाल्यावर नवीन माहिती घेणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे.

ते पृथ्वीकडे वळले ते एका सलूनमुळे. तिथे दाढीला बसले असताना त्यांनी एका जुन्या मासिकात ‘पृथ्वीचा अंत जवळ आला काय?’ असा लेख वाचायला घेतला. लेखाचं शेवटचं पान कोणीतरी फाडून नेलं होतं. त्यामुळे पृथ्वीचं पुढे काय झालं हे मामांना कळलंच नाही, आणि ते शोधून काढण्यात त्यांनी उरलेलं आयुष्य घालवलं. मामी सांगत की त्या दिवशी ते अर्ध्या दाढीनेच घरी आले. मग त्यांनी असे लेख मिळतील तिथून जमवायला सुरुवात केली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा कात्रणांनी भरला. कात्रणं वाचून मामांनी त्यातला मजकूर सोडून दिला आणि रीत तेवढी उचलली. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह हवं. पहिल्या परिच्छेदात आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट हवी. दुसऱ्या परिच्छेदात तीच गोष्ट साऱ्या जगात चालू असल्याचं कळलं पाहिजे. तिसऱ्यात वाचकाला स्वतःची लाज वाटली पाहिजे. आणि आकडा हवा, आकड्यावाचून लेख म्हणजे मिठावाचून सार. मामा विचार मराठीत करत, लेख इंग्रजीत लिहीत आणि त्यावरून होणारी भांडणं तमिळमध्ये भांडत.

आता कावळ्यांचंच घ्या. तिकडे घरातलं कोणी जेवायच्या आधी भाताचा पहिला घास कावळ्यांना घालतात. मामी रोज गच्चीच्या कठड्यावर भाताचा गोळा ठेवून “का, का” करत आणि शेजारपाजारचे दहा-बारा कावळे वेळेवर हजर होत. एके दिवशी एकही आला नाही. मामांनी तासभर वाट पाहिली, चष्मा पुसला, आभाळ पाहिलं आणि मला थेट कंपनीत फोन केला. “असकी गेले, मापिळ्ळै! असकी!” असकी म्हणजे सगळे. मला वाटलं घरातली माणसं. शनिवारी लेख आला, ‘कावळे कोठे गेले?’ त्यात मद्रास मागे सोडून पुढे सारा हिंदुस्थान कावळ्यांवाचून सुना झाला होता आणि पितरं उपाशी राहिली होती. खरं म्हणजे त्या दिवशी मागच्या गल्लीत एका घरी श्राद्ध होतं आणि तिथे वडे होते. कावळे दुसऱ्या दिवशीच परत आले होते. मी हे मामांच्या नजरेला आणून दिलं तेव्हा त्यांनी कठड्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि म्हणाले, “हे ते नव्हेत.”

समुद्राचंही तसंच. समुद्र वर चढतो आहे असं कात्रणांत होतं. मामा म्हणाले, दुसऱ्याच्या डोळ्यांनी का पाहा, मद्रासला समुद्र दारात आहे. म्हणून ते दर महिन्याला मरीनाच्या चौपाटीवर जात आणि फुगे फोडायच्या बंदुकीच्या दुकानापासून पाण्यापर्यंत पावलं मोजत. तिसऱ्या महिन्यात निम्मीच पावलं भरली. त्या दिवशी मी सोबत होतो. मी भीत भीत विचारलं, “मामा, दुकान सरकलं नसेल ना? त्याला चाकं आहेत.” मामा म्हणाले, “तो गरीब माणूस आहे. तो कसाला खोटं बोलेल?” भरती-ओहोटीची आठवण मी करून दिली नाही, लग्नाला वर्षच झालं होतं. शनिवारच्या लेखात लोकांना सल्ला होता की तळमजल्यावर राहणाऱ्यांनी वेळीच वरच्या मजल्याचा विचार करावा. मामा स्वतः पहिल्या मजल्यावर राहत असल्याने त्यांना तो निःपक्षपाती सल्ला वाटला.

पण मामांच्या सिद्धतेचा कळस म्हणजे कुडमाचा लेख. मद्रासचे ते उन्हाळे पाण्याच्या लॉरीचे होते. लॉरी कोपऱ्यावर आली की बाया रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरी, म्हणजे कुडम, घेऊन धावत. मामांनी लिहिलं की प्लास्टिकने पाण्याचा स्वभाव बिघडतो, पूर्वजांप्रमाणे पितळेचाच कुडम वापरावा. मामींनी लेख वाचला, माळ्यावरचा पितळी कुडम काढला, चिंचेने लख्ख घासला आणि मामांच्या हातात दिला. “पूर्वज रांगेत तुमच्या पुढे उभे असतील,” एवढंच म्हणाल्या. मामांनी चार दिवस पितळ वाहिलं. पाचव्या दिवशी त्यांची कंबर धरली, आणि शनिवारी लेख आला की प्लास्टिकचा कुडम हलका, हलका म्हणून घाम कमी, घाम कमी म्हणून अंघोळी कमी, अंघोळी कमी म्हणून पाण्याची बचत. क्यू. ई. डी.

या साऱ्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. कावळे जेवत होते, समुद्र जागेवर होता. बिघडलं ते कडुनिंबामुळे.

मामा ज्या जुन्या दुमजली इमारतीत राहत तिच्यात सहा बिऱ्हाडं होती आणि मधल्या अंगणात एक प्रचंड कडुनिंब होता. त्याची एक फांदी मामांच्या बाल्कनीत इतकी आत आलेली होती की मामी तिच्यावर ओला टॉवेल टाकत. झाड सहाही बिऱ्हाडांचं, पण खरं ते मामींचं. आम्ही नाशिककर पाडव्याला कडुनिंबाची पानं खातो, तीही तोंड वाकडं करून, वर्षातून एकदा. तिकडे फुलं खातात. चैत्रात झाडाला बारीक पांढरा मोहोर आला की मामी पहाटे खाली उतरून जुनं लुगडं अंथरत, वारा जिकडे नेईल तिकडे सरकवत, झाडाला चारी बाजूंनी फिरून कुठे किती पडलं ते पाहत. मग ती फुलं गच्चीवर वाळवायची, बरणीत भरायची आणि वर्षभर तुपात परतून सारात टाकायची. उरलेल्याच्या पुड्या नात्यागोत्यात जात. पुड्या मामांच्या साप्ताहिकात बांधलेल्या असत. मामांच्या लेखांचा टिकाऊ उपयोग म्हणून मी तेवढाच पाहिला आहे. मूलबाळ नव्हतं त्या घरात. मामी फार बोलत नसत. पण मोहोराच्या दिवसांत त्यांच्या बांगड्या सकाळपासून अंगणात वाजत असत.

त्या वर्षी उन्हाळा असा पडला की अंगणातली विहीर आटली आणि लॉरी एक दिवसाआड येऊ लागली. वैशाखातले ते जाळणारे दिवस, तिकडे त्यांना अग्निनक्षत्र म्हणतात. मामांनी विचार केला, पाणी जातं कुठे? बाल्कनीत कढीलिंबाचं एक कुंडीतलं झाड होतं. मामांनी त्याला कॉफीच्या टंबळरने मोजून पाणी घातलं. मग त्याची पानं मोजली. मग खुर्ची कठड्याजवळ ओढून बाल्कनीतल्या कडुनिंबाच्या फांदीची पानं मोजायला बसले. फांद्या किती ते वरून अंदाजाने पाहिलं, गुणाकार केला, आणि आलेला आकडा पाहून स्वतःच उठून उभे राहिले. तो आकडा मी इथे देत नाही. आकडा खोटा होता, आणि आकड्यांची गंमत अशी की एकदा ऐकला की तो खोटा होता एवढंच माणूस विसरतो. सारांश असा की अंगणातला कडुनिंब सहा बिऱ्हाडांहून जास्त पाणी पितो. लेखाचा मथळा होता, ‘आपल्या अंगणातला चोर कोण?’

मामांना झाडाविरुद्ध काही करायचं नव्हतं. त्यांना फक्त सिद्ध करायचं होतं. पण सोमवारी सकाळी तळमजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर कात्रण हातात घेऊन वर आले. त्यांचा आवाज दोन फलाटांपलीकडे पोचेल असा होता, तो मला इथे देता येणार नाही. “वाध्यार,” ते म्हणाले. वाध्यार म्हणजे मास्तर. “वाध्यार, तुम्ही आमचे डोळे उघडलेत!” मामांच्या लेखाने कोणाचे डोळे उघडल्याची ही पहिलीच वेळ. मामांनी त्यांना बसवलं, कॉफी मागवली, आणि त्यांनी पुढे केलेल्या कात्रणावर ऐटीत सही करून दिली. मग स्टेशनमास्तर म्हणाले की आता पुरावाच मिळाला आहे तर रविवारी दहा वाजता सगळ्यांची बैठक घेऊ, सोमवारी झाड पाडू आणि त्या जागी बोअर मारू. बोअरचं यंत्र आत यायला तेच झाड आडवं येत होतं.

स्वयंपाकघरात कसलं तरी झाकण पडलं.

स्टेशनमास्तर गेल्यावर मामी बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. बरणी आणून मामांच्या पुढ्यात ठेवली. यंदा मोहोराच्या दिवसांत मामी आजारी होत्या, नवी फुलं जमलीच नव्हती. तळाला मागच्या वर्षीची चिमूटभर उरली होती. “एवढीच आहेत,” मामी म्हणाल्या. “जपून वाढते.” त्या दुपारी मामांच्या सारात मोजून सहा फुलं तरंगत होती. मंगळवारी पाच. बुधवारी चार. मामींनी भूमिती शिकवली नव्हती, पण मुद्दा कसा मांडावा हे त्यांना येत होतं.

गुरुवारी, तीन फुलांच्या दिवशी, मामा आमच्या घरी आले. चप्पल न काढताच आत आले, यावरून बायकोला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

“मापिळ्ळै, उलटा लेख लिहायचा. झाड पाणी देतं, असा.”

“देतं का?”

“ते नंतर बघू. आधी सिद्ध करू.”

“मामा,” मी म्हटलं, “साधं लिहा ना, की माझं चुकलं.”

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना पितळी कुडम उचलायला सांगितला. “तीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी,” ते म्हणाले. “पुसलं ते पुढचं लिहायला. चुकलं म्हणून नव्हे.”

बायको मधे पडली. “मामा, मग त्या पानांचं काय? तुम्ही खरंच सगळी फांदी मोजलीत?”

मामा छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “कॉफी आली मधे.”

उलटा लेख त्यांनी लिहिला, पण संपादकाने परत केला. जागा नव्हती. मधलं पान बोअर मारून देणाऱ्यांच्या जाहिरातींनी भरलं होतं, आणि त्या जाहिराती मामांच्या लेखामुळेच आल्या होत्या. मामा म्हणाले, मागच्या लेखात शेवटी एक परिच्छेद होता झाडाच्या बाजूने, तो तुम्ही कापलात. संपादक म्हणाला, तसा परिच्छेद आलाच नव्हता. मामांनी घरी येऊन कच्चा कागद शोधला. संपादक खरं बोलत होता. शनिवारी सारात एक फूल होतं. मामांनी ते चमच्यात घेऊन बराच वेळ पाहिलं, असं मामींनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं. खाल्लं नाही. बशीच्या काठावर ठेवलं.

रविवारी दहा वाजता अंगणात बैठक भरली. मीही गेलो, जावयाला मत नसतं, पण खुर्ची मिळते. खुर्च्या कडुनिंबाखाली मांडल्या होत्या, कारण एवढ्या माणसांनी बसावं असं गार ठिकाण त्या इमारतीत दुसरं नव्हतं. स्टेशनमास्तरांच्या मांडीवर पुठ्ठ्याची एक जाड वही होती. मामांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली की झाडाची सावली आरोग्याला हितकर असते.

स्टेशनमास्तरांनी वही उघडली. “वाध्यार, मागच्या पावसाळ्यात तुम्ही लिहिलंत, सावलीत डास वाढतात.”

मामा चमकले. म्हणाले, झाडावर पाखरं येतात, कावळे येतात.

पानं उलटली गेली. “कावळे तुमच्या हिशेबाने संपले.”

“झाडाने हवा गार होते!”

“हवा गार झाली की लोकांना सर्दी होते, सर्दी झाली की गरम पाण्याच्या अंघोळी वाढतात. तुमचंच वाक्य, वाध्यार. खाली तीन अक्षरंही आहेत.”

अंगणात हशा पिकला. मामा हसले नाहीत. ते त्या वहीकडे बघत होते. पहिल्या लेखापासूनचा प्रत्येक लेख तिच्यात खळीने नीट चिकटवलेला होता, कडा सरळ कापून, खाली तारीख घालून. अख्ख्या नुंगंबाक्कममध्ये त्यांचा एक वाचक होता, जो प्रत्येक शब्द खरा मानत होता, आणि तोच त्यांच्यासमोर बसून त्यांच्याच शब्दांनी मामींचं झाड पाडत होता. मामांनी वर बाल्कनीकडे पाहिलं. मामी कठड्याला टेकून उभ्या होत्या, फांदीवर हात ठेवून.

मामा उठले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मी पानं मोजली नाहीत,” ते म्हणाले. “थोडी मोजली. मग कॉफी आली. बाकीची मनाने धरली. फांद्याही मनाने धरल्या. कुंडीतल्या कढीलिंबावरून कडुनिंब धरला. सिद्धता चूक आहे.”

स्टेशनमास्तरांचा आवाज पहिल्यांदाच एका फलाटावर मावेल एवढा झाला. “मग वाध्यार, बाकीचे लेख? मी माझ्या जावयाला दाखवतो हे. कावळ्यांचा?”

“चूक.”

“समुद्राचा?”

“दुकानाला चाकं होती.”

स्टेशनमास्तरांनी वहीवरून हात फिरवला. शाळेत पहिला आलेला मुलगा निकाल रद्द झाल्यावर जसा दिसेल तसे ते दिसत होते. “एकही बरोबर नाही? कुडमाचा?”

“पितळेचा की प्लास्टिकचा?”

“प्लास्टिकचा.”

मामांनी आपल्या कमरेवर हात ठेवला आणि ठामपणे सांगितलं, “तो बरोबर आहे.”

पण स्टेशनमास्तर सरळ मनाचा आणि सरळ रुळांवरचा माणूस. ते म्हणाले, झाड पाणी पितं हे सिद्ध झालं नाही, मान्य. पण झाड ठेवावं हे तरी कुठे सिद्ध झालं? भूमितीत याला उत्तर होतं, पण सकाळपासून मामांचा भूमितीवरचा विश्वास उडाला होता. तेवढ्यात वरून मामींचा आवाज आला. त्या अंगणातल्या बैठकीत बाईमाणूस बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

“ठरवा काय ते. पण त्या आधी खुर्च्या तिकडे विहिरीपाशी घ्या. झाड नसताना कसं वाटतं, बसून बघा. मी ताक पाठवते.”

सगळ्यांनी विहिरीकडे पाहिलं. तिथे सकाळी साडेदहाचं ऊन फरशीवर पांढरं पेटलेलं होतं. एक मांजर तिथून जायला निघालं, पाय उचलून परत आलं. सहा बिऱ्हाडांची माणसं आपापल्या खुर्चीत होती तशीच बसून राहिली. हळूच स्टेशनमास्तरांनी वही मिटली. मामांच्या ओठांवर ती तीन इंग्रजी अक्षरं आलेली मी स्वतः पाहिली. त्यांनी ती गिळली.

झाड राहिलं. बोअरचं यंत्र मागच्या बाजूने, भिंत थोडी पाडून आणायचं ठरलं; त्याच्या वाटेत एकच फांदी येत होती, तेवढी कापावी लागली. ती मामांच्या बाल्कनीतली. कापणारा यायच्या आधी दोन दिवस मामा खुर्ची टाकून तिच्यासमोर बसले आणि तिची सगळी पानं त्यांनी खरोखर मोजली. त्या दोन दिवसांत मामींनी कॉफी आणली की ते हात वर करून थांबवत, मोजलेल्या पानाला दोरा बांधत, आणि मग कॉफी घेत. मी विचारलं, “मामा, किती भरली?”

“सांगणार नाही,” ते म्हणाले. “सांगितलं की तुम्ही गुणाल.”

पुढच्या शनिवारी ‘पृथ्वीची हाक’ तीन ओळींची होती. ‘मागील लेखातील गणित चुकले. वृक्ष निर्दोष आहे. कावळ्यांचीही क्षमा मागतो.’ मथळ्याला प्रश्नचिन्ह नव्हतं. वाचकांनी संपादकाला कळवलं की लेखक आता पूर्वीसारखा राहिला नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्या जागी शिवणक्लासची जाहिरात आली. त्या तीन ओळी फक्त एका माणसाने कापून ठेवल्या. स्टेशनमास्तरांनी त्या वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्यांच्या आधी, कडा सरळ कापून चिकटवल्या. त्यावर मामांची सहीही घेतली.

पुढे माझी बदली नाशिकला झाली. तरी दर चैत्रानंतर मामींची पुडी टपालाने येई, जुन्या साप्ताहिकात बांधलेली, त्यावर कुठेतरी समुद्राचं नाही तर कावळ्यांचं एखादं वाक्य. आम्ही फुलं तुपात परतायचो आणि कागद वाचून पोट धरून हसायचो. मग एका वर्षी पुडी आली नाही, मामी गेल्याची तार आली. मला वाटलं, आता हे संपलं.

पण त्याच्या पुढच्या वैशाखात पुडी आली. फुलांत काड्या होत्या, थोडी माती होती, आणि कागद कोरा होता. आत मामांचं पत्र. आता ते आणि स्टेशनमास्तर पहाटे मिळून लुगडं अंथरतात; दोघांचेही गुडघे दुखतात, त्यामुळे एकाने वाकायचं आणि दुसऱ्याने त्याला उठवायचं असं ठरलं आहे. शेवटी मोहोराबद्दल दोन-चार ओळी होत्या. त्याखाली मी सवयीने ती तीन अक्षरं शोधली, नव्हती.

‘मापिळ्ळै, यंदा मोहोर कमी आला, असं मला वाटतं. स्टेशनमास्तर म्हणतात जास्त आला. पण ते त्यांच्या दारातून रस्त्याकडची बाजू बघतात आणि मी बाल्कनीतून विहिरीकडची, तेव्हा सिद्ध काहीच होत नाही. झाडाला चारी बाजूंनी फिरून बघणारी तुमची मामी होती.’